शहामृगाचं कवच आणि सव्वा मूठ गहू

मु. बोरदरे, ता. साक्री
९ फेब्रुवारी १९९७

चि. कुंदास लोटनमामाचा आशीर्वाद.

अक्षर पाहून घाबरू नकोस. मुंगळा शाईत बुडवून कागदावर सोडलेला नाही, मीच लिहितोय, पण डाव्या हाताने. दोन वर्षांपूर्वी उजव्या हाताची बोटं रुसली ती काही परत वळेनात. साक्रीचा वैद्य झाला, धुळ्याचा डॉक्टर झाला. हात उचलतो, नमस्कारापुरता जोडलाही जातो, मूठ तेवढी मिटत नाही. भाऊबंदांत हे कोणाला सांगितलेलं नाही. चारचौघांत हात उपरण्याखाली ठेवतो, म्हणजे लोकांना वाटतं नानांचा रुबाब आहे. तूही कुठे बोलू नकोस.

आता कामाचं. सोबत चहाचा डबा पाठवलाय, त्यात कापसात गुंडाळलेले तुकडे आहेत. डबा हलवू नकोस. खालच्या शेताला लागून आपला नाला आहे ना, त्याचा काठ मागच्या पावसाळ्यात ढासळला. आतली पिवळी माती आणि गोटे उघडे पडले, आणि त्यात मला हे सापडलं. फुटलेल्या कपाचे तुकडे असावेत तसे दिसतात, पण एवढ्या जाडीचा कप आपल्याकडे कोणी पाहिलेला नाही. सगळ्यांना एकसारखा बाक आहे. चार तुकडे एकमेकांना लावून पाहिले तर नारळाहून मोठी गोलाई होते. नर्मदेकडे डायनोसॉरची अंडी निघाल्याचं मी पेपरात वाचलं होतं, ते कात्रण अजून ठेवलंय. नर्मदा तशी फार लांब नाही.

तू कॉलेजात जीवशास्त्र शिकवतेस. तुझ्या एका शब्दाची किंमत आहे. नीट पाहून कळव आणि ज्यांना कळवायचं त्यांनाही कळव. शोध लागला की त्याला शोधणाऱ्याचं नाव देतात म्हणे. तुझी मामी गेली, मुलगा तर देवाने दिलाच नाही. लोटन बोरसेचं नाव पुढे न्यायला कोणी नाही, आमचा वंश बुडाल्यातच जमा. निदान दगडाला तरी नाव लागू दे. हसू नकोस, मी खरंच सांगतोय.

साक्रीच्या बाजारात दोन-चार जणांना बोललो तर गावभर झालं. चिंधा न्हाव्याने दाढी करता करता सगळ्यांसमोर विचारलं, "काय नाना, तुमनी कोंबडी अंडं देई राह्यनी का?" मी म्हटलं, जळगावहून पत्र येऊ दे, मग दाखवतो तुला कोंबडी. तेव्हा लवकर लिही. माझी इज्जत त्या डब्यात आहे.

माझी लता बरी आहे. तिची मुलगी वैशाली धुळ्याला नर्सिंगला आहे, तीही बरी.

तुझा
लोटनमामा


जळगाव
२३ मार्च १९९७

ती. लोटनमामांस कुंदाचा नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, कारण मला चुकीचं सांगायचं नव्हतं. डबा सुखरूप पोचला. पोस्टमनला मी हातात अंडी असल्यासारखा जपून उतरवायला लावला. तुकडे आधी आमच्या प्रयोगशाळेत पाहिले, मग पुण्याला माझ्या सरांकडे पाठवले. काल त्यांचं उत्तर आलं.

मामा, ही डायनोसॉरची अंडी नाहीत. नर्मदेकडच्या अंड्यांच्या कवचावर बारीक पुटकुळ्या असतात. तुमचे तुकडे वरून गुळगुळीत आहेत आणि त्यांवर सुईने टोचल्यासारखी छिद्रं आहेत. शिवाय साक्रीचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हारस. डायनोसॉर गेले साधारण त्याच काळात, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, तो इथे पसरत होता. तुमच्या नाल्यातले गोटे आणि पिवळी माती त्याच्या कितीतरी नंतर पाण्याने आणून टाकलेली. वीस-पंचवीस हजार वर्षांची असेल, थोडी जास्तही.

हे शहामृगाचं कवच आहे. खरंच शहामृग. एके काळी आपल्या खानदेशात शहामृग धावत होते. आपल्याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावच्या बाजूला, अशी कवचं पूर्वी सापडली आहेत. तिथल्या माणसांनी त्यांचे मणीसुद्धा केले होते. सरांनी लिहिलंय की साक्रीकडची जागा पाहायला हवी, पावसाळ्यानंतर ते स्वतः येतील.

तुमचा चेहरा उतरला असेल हे मला इथून दिसतंय. म्हणून आता ऐका. डायनोसॉर मागितला आणि पक्षी मिळाला, तर फसलो असं समजू नका. चिंधाच्या अंगणातली एखादी कोंबडी धरा आणि तिचा पाय नीट पाहा. पुढे तीन बोटं, वर खवले, टोकाला नख्या. दोन पायांवर धावणाऱ्या एका जातीच्या डायनोसॉरचे पाय असेच होते. त्यांची हाडंही पोकळ होती. कोंबडीच्या छातीपुढे जे बेचक्यासारखं हाड असतं तेही त्यांच्यात सापडलंय. गेल्याच वर्षी चीनमध्ये एका शेतकऱ्याला (पाहा, शेतकऱ्यालाच) कोंबडीएवढ्या डायनोसॉरचा दगडातला ठसा मिळाला. त्याच्या पाठीवरून शेपटीपर्यंत बारीक तंतूंची झालर आहे. ती पिसंच आहेत का यावर मोठमोठे लोक अजून भांडतायत. पण पक्षी त्यांच्यातूनच आले, हे आता बहुतेकांना पटलंय.

आपण म्हणतो डायनोसॉरांचा वंश बुडाला. मला ते कधीच पटलं नाही. मोजणाऱ्यांनी मोठे आणि धिप्पाड तेवढे मोजले, ते दिसेनासे झाल्यावर खातं बंद केलं. बारीक अंगाचा एक फाटा उरला होता. तो रोज डोळ्यांसमोर दाणे टिपत होता, पण त्याचं रूप वेगळं, म्हणून त्याला कोणी त्या घरातलं धरलंच नाही. सकाळी तुमच्या ओट्यावर येते ती चिमणीसुद्धा त्याच घरची आहे, मामा.

तुकडे परत पाठवू का? सर म्हणतात जिथले तिथे राहिले तर उत्तम. नाल्याच्या काठाला मात्र हात लावू देऊ नका.

तुमची
कुंदा


बोरदरे
६ एप्रिल १९९७

चि. कुंदास,

शहामृगाचं समजलं. डोंगर पोखरून उंदीर काढतात, मी डायनोसॉर पोखरून कोंबडी काढली. चिंधाला अजून सांगितलेलं नाही. दाढी घरीच करतोय, डाव्या हाताने, आणि दोनदा कापूनही घेतलं.

आता दुसरी गोष्ट. मी बारा गावचं पाणी प्यालोय, दूधखुळा नाही. 'मोठे धिप्पाड तेवढे मोजले', 'बारीक अंगाचा फाटा', 'घरातलं धरलंच नाही' हे सगळं पक्ष्यांबद्दल आहे होय? अंड्याचं विचारलं तर अंड्याचं सांगावं. लेकी बोले सुने लागे ही विद्या मला शिकवू नकोस. लताने तुला चोरून कळवलं आणि तू तिचं वकीलपत्र घेतलंस.

तर सरळच सांगतो. हो, ठरलंय. आपल्या कुळदेवीचं, कानबाईचं नारळ माझ्या आजोबांच्या हातचं आहे. ते ज्याच्या देव्हाऱ्यात, घर त्याचं, ही आपल्या कुळाची रीत. तिच्या प्रसादाच्या रोटाचे गहू कर्त्या पुरुषाने स्वतःच्या उजव्या मुठीने मोजायचे, घरातल्या एकेका पुरुषामागे सव्वा मूठ. माझ्यानंतर मोजणार कोण? येत्या श्रावणात रोटाच्या रविवारी नारळ गिरधरच्या हवाली करणार आहे. चुलतभावाचा मुलगा म्हणजे माझाच मुलगा. त्याला तीन मुलगे आहेत, तिथे मुठी कमी पडणार नाहीत. नारळाबरोबर घर आणि खालचं शेतही त्याचं. साक्रीला जाऊन कागद करायचे आहेत. लता नऊ वर्षांपूर्वी नवरा गेला म्हणून माघारी आली, तिला मी कधी कमी केलं नाही. पुढेही मागची खोली तिला राहील, गिरधर शब्दाचा पक्का आहे.

यात कोणी चोच मारायचं कारण नाही. पक्ष्यांचं पक्ष्यांपाशी ठेव.

लोटन


जळगाव
१२ एप्रिल १९९७

ती. मामांस नमस्कार.

लताचं पत्र मला संक्रांतीनंतर आलेलं नाही, आणि त्यातही तिळगुळाच्या पुढे एक अक्षर नव्हतं. मी आईची शपथ घेऊन सांगते, मला यातलं काहीही माहीत नव्हतं. मी पक्ष्यांबद्दलच लिहिलं होतं. ते तुम्हाला लताबद्दल का वाटलं, ते तुम्हीच स्वतःला विचारा.

पण आता तुम्हीच सांगितलंत, तर मला कळलंय आणि कळलेलं न कळल्यासारखं करता येत नाही.

मामा, मला तुमच्या घरची कानबाई आठवते. आईबरोबर यायची मी. नारळाला डोळे, नथ, लाल वस्त्र, केळीचे खांब. आत तुम्ही सगळे भाऊबंद पंगतीने रोट खायला बसायचा, गंगाफळाच्या भाजीचा वास थेट ओट्यापर्यंत यायचा. आम्ही भाचरं परक्या कुळातली, म्हणून आम्हाला रोट नाही. आम्ही ओट्यावर बसून साधी पोळी खायचो. लहान होते, वाईट वाटायचं, पण रीत म्हणून समजून घेतलं. लता तेव्हा आत असायची. दारातून मला तिचा हलणारा गाल दिसायचा आणि मला तिचा हेवा वाटायचा.

मग तिचं लग्न झालं. त्या श्रावणात ती माहेरी आली आणि पंगत बसल्यावर काही न बोलता बाहेर येऊन माझ्या शेजारी बसली. हातात साधी पोळी. ती हसत होती, मीच रडले. नऊ वर्षांपूर्वी ती तुमच्याकडे परत आली. तेव्हापासून तुमचे रोट तीच थापते, तीच भाजते. मी पाहिलंय, एक तुकडाही तोंडात घालत नाही. तुम्ही म्हणता तिला कधी कमी केलं नाही. नसेल केलं. मागच्या खोलीचा शब्द गिरधरने दिलाय, पण गिरधरच्या सुनांनी नाही दिला.

मी रागाने लिहितेय हे मला दिसतंय. तरी फाडत नाही. आई असती तर तिने हेच तुम्हाला तोंडावर सांगितलं असतं, आणि तुम्ही ऐकलं असतं.

कुंदा


बोरदरे
१४ मे १९९७

कुंदाअक्कास लताचा नमस्कार.

आखाजी झाली. माहेरवाशिणी आल्या, झोके बांधले, गाणी झाली, गेल्या. मी कुठली माहेरवाशीण, मी तर इथलीच, म्हणून झोके बांधायला दोर मी दिले.

नाना माझ्याशी महिनाभर बोलत नाहीत. चहा ठेवला की घेतात, पाणी ठेवलं की पितात. काय झालं ते मला ठाऊक नव्हतं. परवा तुझी दोन्ही पत्रं त्यांनी माझ्यासमोर खाटेवर टाकली आणि बाहेर निघून गेले. मी वाचली. दुसरं पत्र नसतंस लिहिलंस तर बरं झालं असतं. अक्का, तू चिडून माझी बाजू घेतलीस, पण माझी बाजू मी अजून मांडलीच नव्हती.

आणि ते कवचाचं. नानांनी लिहिलं 'मला सापडलं'. सापडलं मला. शेळीमागे नाल्यात उतरले होते. पहिला तुकडा हातात धरला आणि घरी आणून म्हटलं, "नाना, हाई दगड नही शे." त्यांनी तो उन्हात धरला, खूप वेळ पाहिला आणि दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन स्वतःच्या नावाने सांगितलं. मला राग आला नाही. आई गेल्यानंतर त्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं. शहामृग म्हणजे केवढा असतो गं? वैशालीला विचारलं तर ती म्हणे घोड्याएवढा. आपल्या नाल्यात घोड्याएवढा पक्षी येऊन अंडी घालत होता, हे मला डायनोसॉरहून जास्त आवडलं.

मी ठरवलंय. नारळ गिरधरभाऊंकडे गेलं की मी साक्रीला खोली घेईन. इथल्या अंगणवाडीतली माझी नोकरी आहे, रोज एसटीने येईन-जाईन. कोणाच्या मागच्या खोलीत मी राहणार नाही, मग तो माणूस शब्दाचा कितीही पक्का असो. नानांना हे सांगितलं तर त्यांनी मान वळवली. त्यांचा सदरा, त्यांचं जेवण, त्यांचं धोतर कोण बघेल हे मला कळत नाही. चारचौघांत ते जेवतच नाहीत, डाव्या हाताने जेवताना कोणी पाहील म्हणून. आत दार लावून मी भरवते.

मी घर मागत नाही, शेत मागत नाही. मुठीत मावेल तेवढंच मागावं. माझी मूठ केवढी ते नानांना पक्कं ठाऊक आहे, त्यांनी दोन श्रावण पाहिलीय.

तू आता काही लिहू नकोस.

लता


जळगाव
२९ जून १९९७

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

मागच्या पत्रात मी वाकडं बोलले, मोठेपणी माफ करा. उपदेश करणार नाही. लता म्हणाली लिहू नकोस, पण एक प्रश्न राहवत नाही म्हणून विचारते. उत्तर मला पाठवलं नाहीत तरी चालेल.

मुलं मला वर्गात विचारतात, मॅडम, डायनोसॉरचा पक्षी होताना कोणी पाहिला? मी सांगते, कोणीच नाही. आम्हाला एक बोट मिळतं, एक बेचक्याचं हाड मिळतं, कवचाचा तुकडा मिळतो. ते समोर ठेवायचे आणि विचारायचं, हे असं आहे तर मागे काय घडलेलं असलं पाहिजे? एवढंच आमचं शास्त्र. त्यात न मानण्याची सोय नसते, हाड समोर असतं.

तर माझ्यासमोर तुमचं पहिलं पत्र आहे. त्यात तुम्ही लिहिलंय की उजव्या हाताची मूठ दोन वर्षं मिटत नाही. रोटाचे गहू कर्त्याने उजव्या मुठीने मोजायचे, हेही तुम्हीच लिहिलंय. आणि गेल्या दोन्ही श्रावणांत कानबाई झाली, भाऊबंद जेवून गेले, गिरधरच्या मुलांनी दोनदा वाढून घेतलं, हे मला त्यांच्याच मामेसासूकडून पाचोऱ्याच्या लग्नात कळलं होतं.

मग मामा, ते गहू कोणाच्या मुठीने मोजले?

कुंदा


बोरदरे
१२ ऑगस्ट १९९७

चि. कुंदास लोटनमामाचे आशीर्वाद, आणि ते मोजून नव्हे.

तुझा प्रश्न दीड महिना माझ्या खाटेवर माझ्या शेजारी झोपत होता. कूस बदलली की टोचायचा. शिक्षकिणीच्या नादी लागू नये म्हणतात ते उगाच नाही.

परवा रोटाचा रविवार झाला. सगळे भाऊबंद जमले. गिरधर नवं लाल वस्त्र आणि परडी घेऊन आला, नारळ न्यायला. दरवर्षी गहू मोजायला मी देवघराचं दार लावून घ्यायचो. म्हणायचो, कानबाईसमोर एकांत हवा. या वेळी दार लावलं नाही. सूप मध्ये ठेवलं, उपरणं काढलं आणि हात सगळ्यांसमोर धरला. म्हटलं, ही मूठ दोन वर्षांपासून मिटत नाही. मागचे दोन्ही श्रावण दाराआड गहू लताने मोजले. तुम्ही सगळ्यांनी ते रोट खाल्ले. कोणाचं पोट दुखलं का? कोणाच्या घरी काही वाईट झालं का? गिरधर, तुझ्या धाकट्याला नोकरी लागली ती त्याच वर्षी ना?

लता चुलीपाशी पिठाच्या हातांनी उभी होती. तिला मी यातलं काही आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिने मला गप्प केलं असतं.

गिरधर उठला. म्हणाला, "नाना, तुमी आम्हले फसाडं. वंश पोरीवर चालस का कधी?" मी म्हटलं, फसवलं खरं, ते माझ्या माथ्यावर. पण चालतो की नाही ते तू दोन वर्षं खाऊन पाहिलंस. तो परडी घेऊन गेला, त्याच्यामागे त्याचे मुलगे, आणि मग एकेक करत बाकीचे. मला वाईट वाटलं, कुंदा. तो वाईट माणूस नाही. त्याला लहानपणी खांद्यावर घेऊन मी याच कानबाईच्या मिरवणुकीत नाचलोय.

एकटी धुरपदाबाई बसून राहिली. माझ्या थोरल्या चुलतभावाची विधवा, तुला आठवत असेल, ओट्यावर तुम्हा भाचरांना पोळीवर चोरून गूळ द्यायची ती. तोंडात दात नाही, कानाने कमी, मला वाटलं तिला काही समजलंच नाही. तर म्हणते कशी, "कानबाई बाईच शे ना? मंग तिले बाईना हात काबर चालत नही?" आणि लताला म्हणाली, "मोज वं पोरी, माले भूक लागनी."

लता सुपापाशी बसली. माझ्या नावाची सव्वा मूठ मोजली आणि थांबली. सवयीने थांबली, घरात पुरुष एकच. मी म्हटलं, तुझीही टाक. ती वर पाहीना. मग तिने स्वतःच्या नावाची मोजली, वैशालीच्या नावाचीही मोजली. मोजलेले गहू जात्यावर दळून भिजवलेल्या पिठात मिसळले, रोट भाजले, आणि पंगतीला आम्ही तिघं. लताने नऊ वर्षं स्वतः भाजलेला रोट पहिल्यांदा तोंडात घातला आणि म्हणाली, मीठ जरा कमी पडलं. मी सगळ्यांदेखत म्हणजे धुरपदाबाईदेखत डाव्या हाताने जेवलो.

सोमवारी नारळ नदीवर नेऊन, पाण्याला लावून परत आणलं. लताच्या डोक्यावर होतं. वाटेत चिंधा भेटला. मी त्याला आधीच सांगून टाकलं, अंडं शहामृगाचं निघालं, मला नाही लताला सापडलं, आणि कोंबडीही त्याच घरची आहे, तेव्हा यापुढे तुझ्या कोंबडीला मानाने हाक मार. तो हसला नाही. नारळाकडे पाहून त्याने हात जोडले आणि बाजूला झाला. तुझे सर आले की त्यांना नाला लता दाखवेल. शोधणाऱ्याचं नाव लावायचं असेल तर लता बोरसे लावा म्हणावं, सासरचं लावायचं की माहेरचं ते तिला विचारून घ्या. साक्रीला जाऊन कागद करायचे ते करीनच, पण वेगळे.

आता मुद्द्याचं. भाऊबंद गेले, पण त्यांच्या अंदाजाने आधीच भिजवलेल्या पिठाचे रोट भाजावेच लागले, त्यांची रास उरली आहे. तुला नियम माहीत आहे. रोट बाहेर देता येत नाही, टाकता येत नाही, पौर्णिमेच्या आत घरातल्यांनीच संपवायचे. धुरपदाबाई दुधात भिजवून एक खाते, मला पचत नाहीत. वैशालीला सुट्टी नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. गहू मोजताना लताने वैशालीनंतर आणखी सव्वा मूठ टाकली. मी विचारलं, ही कोणाची? माझ्याकडे न बघता म्हणाली, "ओटावर बसेल शे ना एक जण."

पौर्णिमा सोमवारी आहे. शनिवारची एसटी धर. पाट आत मांडलाय.

तुझा
लोटनमामा